दोष सातविणीचा नाही, कुंपणाकडेच्या गवताचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर लागला आणि सातवीण फुलली की ‘हे झाड तोडा, याच्या परागांनी दमा होतो’ असे अर्ज आणि पत्रे दरवर्षी नव्याने निघतात. एप्रिलमध्ये तीच तक्रार सावरीच्या उडणाऱ्या कापसाबद्दल असते. शिंका खऱ्या असतात, डोळ्यांची खाजही खरी असते. आरोपी मात्र भलताच पकडला जातो. झाड पडते, शिंका तशाच राहतात आणि पुढच्या वर्षी शेजारच्या झाडाची पाळी येते. पत्र लांबले आहे, पण विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

ज्या फुलाला रंग आहे, वास आहे, मध आहे, त्याने पराग वाहून नेण्यासाठी मधमाश्या, पतंग, पक्षी कामाला लावलेले असतात. असे पराग बेताचे, जडसर आणि चिकट असतात. हवेत ते फारसे तरंगत नाहीत. ज्या वनस्पतीने हे काम वाऱ्यावर सोपवले तिला नटायची गरज नसते. तिचे फूल आपल्याला फूल म्हणून दिसतही नाही: गवताचा तुरा, काटेमाठाचे कणीस, वावळीच्या निष्पर्ण फांदीवरचे तपकिरी-हिरवट ठिपके. वाऱ्याचा नेम नसल्यामुळे पराग मात्र बेसुमार तयार करावे लागतात, कोरडे, हलके, बहुतेक २० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढे कण नाकात आणि डोळ्यांतच अडकतात, म्हणून त्रासाची सुरुवातही तिथूनच होते.

सातविणीचे पराग कीटकांच्या मार्फत जातात. तिचा संध्याकाळचा उग्र वास आधीच सुजलेल्या नाकाला झोंबतो, डोके दुखवतो, यात शंका नाही. पण तसा तर अगरबत्तीचा धूर आणि मिरचीच्या फोडणीचा ठसकाही झोंबतो. ती जळजळ, ॲलर्जी नव्हे. खरी गोम अशी की सातवीण फुलते त्याच दिवसांत पावसावर माजलेले गवत तुऱ्यावर असते, गाजर गवत पांढरे झालेले असते, काटेमाठ आणि चाकवत फुललेले असतात. वास येतो एकाचा, नाकात शिरतो दुसराच. सावरीचे तर फूल मार्चपर्यंतच गळून जाते. एप्रिलमध्ये उडतो तो बियांभोवतीचा तंतू. तो डोळ्यात गेला तर खुपतो, पण तो पराग नव्हे. एक अपवाद सांगायलाच हवा: फुलबाजारात किंवा रोपवाटिकेत रोज तासन्‌तास फुले हाताळणाऱ्यांना कीटकांवर विसंबणाऱ्या फुलांचीही ॲलर्जी होऊ शकते. रस्त्याने जाणाऱ्याला मात्र झेंडू-गुलाबाला घाबरायचे कारण नाही.

आपल्याकडचे परागांचे पंचांग ढोबळमानाने असे मांडता येईल. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा गवतांचा हंगाम. पवन्या, मारवेल, कुसळी आणि रस्त्याकडेची सगळी बिननावाची गवते यात आली, आणि ज्या हरळीच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो तीही यातलीच. पाणी मिळाले तर हरळी बाराही महिने तुरे काढते, म्हणून रोज शिंपलेली लॉन असलेल्या सोसायटीत हंगाम संपतच नाही. काटेमाठ आणि चाकवत याच काळात, थोडे पुढेपर्यंत. गाजर गवत जूनच्या पावसावर उगवते आणि जिथे सांडपाणी आहे तिथे वर्षभर फुलते. जानेवारी ते मार्च वावळ आणि महारुख. वावळीचा बहर थोड्याच दिवसांचा, पण त्या दिवसांत झाडाखालून जाणेही नकोसे होते. उन्हाळ्यात वेडी बाभूळ. एरंड केव्हाही. कोकणात आणि गोव्यात नारळ वर्षभर पराग सोडत असतो, किनाऱ्यावर सुरूची भर. शेतात ज्वारी, बाजरी, मका. पैकी मक्याचा पराग ८० मायक्रॉनच्या वर, इतका जड की बहुतेक शेतातच खाली बसतो. त्याचा त्रास आत शिरून काम करणाऱ्याला होतो, गावाला नाही.

आता ओळखायचे कसे. ‘परागज्वर’ हा शब्द मराठीत रुळला असला तरी त्याने घोटाळाच केला आहे, कारण यात ज्वर नसतोच. ताप आला, अंग मोडून आले, नाकातून घट्ट पिवळे गळू लागले, घसा दुखला आणि आठ-दहा दिवसांत सारे निवळले, तर ती सर्दी. ॲलर्जीत शिंका एकेक येत नाहीत, ओळीने आठ-दहा येतात. नाकातून पाण्यासारखे पातळ गळते, मग नाक चोंदते. आणि मुख्य म्हणजे खाज. नाकाला, दोन्ही डोळ्यांना, टाळूला, कानाच्या आत. टाळू जिभेने खाजवताना ‘क्ळक्’ असा आवाज करणारे मूल दिसले की निम्मे निदान झाले. असे मूल तळहाताने नाक खालून वर चोळत असते आणि त्यामुळे नाकाच्या शेंड्याच्या थोडे वर आडवी घडी पडते. डोळ्यांखाली काळसर छटा, रात्री तोंडाने श्वास, दिवसा पेंग. परीक्षेचा अभ्यास होत नाही म्हणून रागावण्याआधी त्याचे नाक मोकळे आहे का ते पाहावे.

त्रास एकाच नाकपुडीत असेल, रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, तर ती ॲलर्जी नव्हे. डॉक्टरांनी आत पाहिलेच पाहिजे. लहान मुलाच्या एका नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड म्हणजे बरेचदा आत अडकलेला चणा किंवा मणी.

सकाळी अंथरूण झटकताना शिंका, वर्षभर थोडाफार त्रास, जुनी पुस्तके किंवा माळा साफ करताना जोर, हे चित्र गादीतल्या धूळकिड्यांचे. दमट घरात भिंतीला ओल आली की पावसाळ्यात बुरशीचे बीजाणू. पराग वेगळा ओळखू येतो तो तारखांवरून आणि जागेवरून: तेच दोन-तीन महिने दरवर्षी, बाहेर गेल्यावर जास्त, कोरड्या वाऱ्याच्या सकाळी सगळ्यात जास्त, संततधार पावसाच्या दिवशी जवळजवळ नाही. अनेकांना दोन्ही-तिन्ही असतात, आणि म्हणूनच नुसत्या आठवणीवर विसंबू नये. रोज रात्री वहीत चार आकडे लिहावेत: शिंका, गळणे, चोंदणे, खाज, प्रत्येकी ० ते ३. बेरीज १२ पैकी. शेजारी तारीख, दिवसाचा बहुतेक वेळ कुठे गेला, हवा कशी होती आणि आसपास काय तुऱ्यावर आहे. तीन महिन्यांची अशी वही डॉक्टरांना महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगते.

तपासणी करायची ती त्वचेवरची टोचचाचणी. हाताच्या आतल्या बाजूला प्रत्येक परागाच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक सुईने वरच्यावर टोचतात. १५ ते २० मिनिटांनी गांधी किती मोठी उठली ते मोजतात. सोबत हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीर स्वतःच सोडते त्या द्रव्याचा) एक आणि नुसत्या द्रावणाचा एक थेंब असलाच पाहिजे. हिस्टामिनला गांधी आली नाही तर अंगात ॲलर्जीचे औषध शिल्लक आहे आणि चाचणी फुकट. नुसत्या द्रावणालाही आली तर त्वचा नुसत्या स्पर्शाने फुगणारी आहे. नुसत्या द्रावणापेक्षा किमान ३ मि.मी. मोठी गांधी असेल तरच ती धरायची. आधी पाच ते सात दिवस सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. खोकल्याच्या औषधांत आणि ‘सर्दीच्या गोळी’तही तेच घटक असतात, हे लोक विसरतात आणि मग सगळे थेंब निगेटिव्ह येतात. गोळी थांबवणे शक्य नसेल किंवा अंगभर इसब असेल तर त्या-त्या परागाची आयजीई (ॲलर्जीत वाढणारे प्रतिद्रव्य) रक्तातून तपासावी.

चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे आजार सिद्ध, असे मात्र नाही. शरीराने त्या परागाची नोंद घेतली आहे एवढेच ती सांगते. अहवालात एरंड पॉझिटिव्ह आहे आणि त्रास फक्त फेब्रुवारीत होतो, तर एरंडावर खापर फोडून चालणार नाही. नुसती एकूण आयजीई वाढलेली असण्याला तर फारच कमी अर्थ आहे. पोटात जंत असले तरी ती वाढते. आणि दोनशे पदार्थांच्या आयजीजीची (हे दुसरेच प्रतिद्रव्य) यादी किंवा केसांची तपासणी करून ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ सांगणाऱ्या पॅकेजवर एक रुपयाही घालवू नये.

औषधांबाबत सर्वांत मोठी चूक क्रमाची आहे. लोक गोळीपासून सुरू करतात आणि फवारा ‘शेवटचा उपाय’ म्हणून ठेवतात. नाक चोंदण्यावर गोळीचा उपयोग कमी. तिथे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला फवाराच काम करतो. तो सुरू करताच गुण येत नाही, पूर्ण परिणामाला दोन आठवडेही लागतात, म्हणून आपला हंगाम ठाऊक असेल तर दोन आठवडे आधी सुरू करावा आणि हंगामभर रोज मारावा. ‘दोनदा मारला, काही फरक नाही’ म्हणून टाकून दिलेल्या बाटल्या घरोघरी सापडतात. मारायची रीतही चुकते. आधी नाक शिंकरून साफ करावे. बाटली हलवावी, नवी असेल तर धूर दिसेपर्यंत हवेत दाबावी. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाकडे. दाबताना हलका श्वास घ्यावा, जोरात ओढू नये. ओढला की औषध घशात जाते आणि कडू लागते. पडद्यावर मारल्याने नाकातून रक्त येते, आणि मग दोष औषधाला. स्टेरॉइड या शब्दाची धास्ती समजण्यासारखी आहे, पण नेमून दिलेल्या मात्रेतला फवारा बहुतांशी नाकातच काम करतो. धास्ती घ्यायचीच तर औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या बीटामेथासोनच्या गोळ्यांची आणि ‘हंगामाला एक’ म्हणून मिळणाऱ्या इंजेक्शनची घ्यावी.

गोळी हवी असेल तेव्हा मोठ्यांसाठी सेटिरिझिन १० मि.ग्रॅ., लिव्होसेटिरिझिन ५ मि.ग्रॅ. किंवा फेक्सोफेनाडिन १२० मि.ग्रॅ., दिवसातून एकदा. पहिल्या दोहोंनी काहींना पेंग येते, म्हणून रात्री. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावी; संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती अंगी कमी लागते. क्लोरफेनिरामिनची जुनी गोळी घेऊन गाडी चालवू नये. मॉन्टेलुकास्ट जोडलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. त्या औषधाने काहींना भयानक स्वप्ने, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मूल ती गोळी घेत असेल आणि वागणे बदलले असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावे. नाक क्षणात मोकळे करणारे झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे नाक थेंबाशिवाय उघडतच नाही, आणि वर्षानुवर्षे बाटली खिशात बाळगणारे हे ॲलर्जीचे नव्हे, त्या बाटलीचे रुग्ण असतात. डोळ्यांना ओलोपाटाडिनचे थेंब आणि थंड पाण्याची घडी. स्टेरॉइडचे डोळ्यांचे थेंब मनाने घालू नयेत, त्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. डोळे चोळण्याची सवय तर बुबुळाचा आकार बिघडवते.

जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, उपयोगी आहे, पाणी नीट केले तर. अर्धा लिटर पाणी खळाखळा उकळून पूर्ण कोमट होऊ द्यावे, त्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याचा सपाट पाऊण चमचा, आणि हवा तर चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडले तरी झोंबते, जास्त झाले तरी झोंबते; जळजळ झाली की लोक नेतीच सोडतात. नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी कदापि वापरू नये, मेंदूला घातक ठरणारा अमिबा नाकावाटेच शिरतो. नेती आधी, फवारा नंतर. उलटे केले तर औषध धुऊन जाते.

राहिला बचाव. हंगामात सकाळी सहा ते दहा खिडक्या मिटलेल्या, फिरायला जायचे तर संध्याकाळी किंवा पावसाची सर पडून गेल्यावर. कपडे आणि विशेषतः उशीचे अभ्रे गॅलरीत वाळत घालू नयेत. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली आणि एन-९५ मुखपट्टी. ओढणी गुंडाळून पराग अडत नाहीत, उलट तिच्यात साठून राहतात. बाहेरून आल्यावर केस धुवावेत, निदान झोपण्यापूर्वी. केसांतले पराग रात्रभर उशीवर सांडत राहतात. ‘गावचा मध खाल्ला की गावच्या परागांची सवय होते’ हा समज गोड असला तरी खोटा: मधमाशी जाते फुलावर, आणि आपल्याला शिंका येतात त्या गवताने.

एका प्रसंगी मात्र पाऊस घात करतो. वादळी पावसाच्या सुरुवातीला गवताचे पराग ओलाव्याने फुटतात आणि आतले बारीक कण थेट फुप्फुसात जातात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नला अशाच एका वादळाने हजारो लोकांना धाप लागली आणि दहा जण दगावले. त्यांत पूर्वी दमा नसलेले, फक्त शिंका येणारे लोकही होते. म्हणून रात्रीचा खोकला, छातीतली शिट्टी, जिना चढताना छाती आवळणे ही लक्षणे असतील तर नुसते नाकाचे औषध पुरत नाही. बोलताना वाक्य पुरे होत नसेल तर १०८.

औषधांनीही भागत नसेल तर परागांच्याच अर्काची वाढती मात्रा देणारी लस आहे, इंजेक्शनने किंवा जिभेखाली. तीन ते पाच वर्षे चालते. वही आणि चाचणी दोन्ही एकाच परागाकडे बोट दाखवत असतील तेव्हा ती चांगली लागू पडते. अहवालातले दहा पॉझिटिव्ह एकाच बाटलीत ओतले तर प्रत्येकाची मात्रा पातळ होते आणि कशालाच गुण येत नाही. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचे, तिथे जीवघेणी प्रतिक्रिया आलीच तर टोचायचे ॲड्रिनॅलिन हाताशी हवे, आणि दमा आटोक्यात नसताना लस द्यायची नाही. घरी आणून कंपाउंडरकडून टोचून घेण्याचे हे औषध नव्हे.

परदेशी गेलेल्या मुलांचा ‘इथे दोन वर्षे काही नव्हते, आता काय झाले?’ असा फोन येतो, त्याचेही उत्तर यातच आहे. नव्या परागाची नोंद घ्यायला शरीराला दोन-तीन हंगाम लागतात. उत्तर युरोपात भूर्ज, जपानात सुगी हे सूचिपर्णी झाड, अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरात रॅगवीड हे तण. रॅगवीड हे गाजर गवताचेच भावंड असल्यामुळे इथून शिंका घेऊन गेलेल्याला तिथे पहिल्याच वर्षी गाठू शकते.

गाजर गवताविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. भारतात त्याची नोंद प्रथम झाली ती १९५५-५६च्या सुमारास, पुण्यातच. त्याच्या परागांनी नाक बिघडतेच, पण पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे कातडीही बिघडते, आणि तो विकार निराळा: चेहरा, पापण्या, मान, कोपराची घडी लाल होऊन खाजते, पुढे कातडी जाड पडते. उन्हाने झाले असेल म्हणून सोडून देतात. पण उन्हाचा चट्टा हनुवटीखाली आणि कानामागे पोचत नाही, हा पोचतो. त्याला टोचचाचणी नव्हे, पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवायची पट्टीचाचणी लागते. वाळलेल्या झाडाची भुकटीही तेवढीच त्रासदायक, म्हणून ते जाळू नये, वाळले म्हणून उघड्या हाताने ओढू नये.

आणि इथेच नगरपालिकांशी आमचे भांडण आहे. गाजर गवत उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलते आणि एक झाड हजारोंनी बी टाकते. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने निर्मूलन सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला पाळला जातो. ज्या गावी पाऊस जूनमध्ये सुरू झाला तिथे तोवर पहिली पिढी फुलून गेलेली असते. आपल्याकडे ही मोहीम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हवी: जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, मुळासकट. नुसते वरून कापले तर बुडखा पुन्हा फुटतो. रिकाम्या जागी टाकळा पेरावा. तो गाजर गवताला वर येऊ देत नाही, आणि कोवळा असताना भाजी होते. रस्त्याकडेचे गवत कापण्याचे कंत्राट दिवाळीच्या तोंडावर निघते, म्हणजे बहुतेक पराग उडून गेल्यावर. ते ऑगस्टपासून दर दोन-तीन आठवड्यांनी, तुरा निघण्याआधी, आणि सकाळी नव्हे तर दुपारी चारनंतर कापले पाहिजे. कापणाऱ्या मजुराला मुखपट्टी आणि चष्मा देऊन. नवी झाडे लावताना बहावा, ताम्हण, पळस, पांगारा, करंज लावावीत, ज्यांचे पराग माश्या आणि पाखरे नेतात. सातविणीला हात लावायचे कारण नाही.

शेवटी एक मागणी आपल्याकडेच. तापमानाचा आकडा आपण रोज छापता, त्याशेजारी आठवड्यातून एकदा परागांची चौकट द्यावी. त्यासाठी लाखोंचे यंत्र लागत नाही. काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर देऊन ती गच्चीवर छोट्या छपराखाली २४ तास आडवी ठेवायची, मग फुक्सिन हा गुलाबी रंग घातलेल्या ग्लिसरीन-जेलीत बसवून ४०० पट मोठी करून मोजायची. हे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत होते. गवताचा पराग गोल, एकच छिद्र आणि त्याभोवती कडे. गाजर गवताचा काटेरी. माठ-चाकवताचा गोल्फच्या चेंडूसारखा छिद्राछिद्रांचा. बाभळीचे सोळा-सोळा कण एकत्र चिकटलेले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोन तासांत ओळखता येतात. आपल्या शहरातली दोन-तीन महाविद्यालये पुढे आली तर येत्या जूनपासून ही चौकट सुरू होऊ शकते.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे एक शिक्षक व कान-नाक-घशाचे एक डॉक्टर, पुणे
(नावे छापू नयेत, ही विनंती.)